सीनाकाठच्या बचाव पथकासाठी वॉकीटॉकी घ्यायचे आहेत, दीड लाखात काय बसेल?

सीनाकाठ_माढा

रामराम मंडळी.

माढा तालुक्यात सीनेच्या काठावर आमचं गाव आहे. सप्टेंबर २०२५ चा पूर तुम्ही बघितलाच असेल. वर सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरीतून पाणी सुटलं आणि उन्हाळ्यात जिच्या पात्रात गुरं बसतात त्या नदीनं ऊस, गोठे, घरं सगळं पोटात घेतलं. लांबोटीला पुणे-सोलापूर हायवे थांबवावा लागला, तिथं आमच्या वस्त्यांवरच्या रस्त्यांची काय कथा.

आमचं हाल झालं ते निरोपांवाचून. लाईट आधी गेली, मग टॉवरची बॅटरी संपली आणि सगळ्यांचे मोबाईल नुसते हातात राहिले. एक टोळी ट्रॅक्टर घेऊन खालच्या वस्तीवर गेली होती, दुसरी गुऱ्हाळाची काहील पाण्यात घालून म्हातारी माणसं काढत होती. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. एका वस्तीवर दोनदा माणसं गेली आणि पलीकडच्या वस्तीवर संध्याकाळपर्यंत कोणीच पोचलं नाही. ग्राम सुरक्षा यंत्रणा आमच्याकडं आहे, एक नंबर फिरवला की गावभर फोन वाजतात. चोर, बिबट्या यांच्या वेळी तिचा फार उपयोग होतो. पण टॉवरच झोपल्यावर ती तरी काय करणार?

आता गावातल्या पोरांचं मंडळ रीतसर नोंदणी केलेलं आहे, ग्रामपंचायत पाठीशी आहे. वर्गणी आणि ग्रामनिधी मिळून दीड लाख उभे राहतील. दोर, लाइफ जॅकेट, एक फायबरची होडी वेगळ्या पैशातून झाली आहे. हे दीड लाख फक्त बोलण्याच्या साधनांसाठी.

गावची मांडणी सांगतो. लांबातली लांब वस्ती सहा किलोमीटर. वरच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा साधारण नऊ किलोमीटर, तिथं पाणी किती चढलं हे आम्हाला सगळ्यांत आधी कळायला हवं. मधे सगळा ऊस. गावात पाण्याची उंच टाकी आहे. डोंगर नाही.

सोलापूरचा एक डीलर सिमवाले सेट घ्या म्हणतो, ‘रेंजची चिंताच नाही’. पोरं म्हणतात ऑनलाईन दहा-बारा सेट स्वस्तात येतात, तेच मागवू. तुमच्यात कोणी हे काम केलेलं असेल तर नीट सांगा. एकदाच पैसे जमतात, पुन्हा वर्गणी मागायला तोंड राहत नाही.

भीमाकाठ_मोहोळ

भावा, आमच्या गणपती मंडळानं ऑनलाईन सेट घेतले होते, मिरवणुकीत मस्त चालले. पाच वॅटचे, डब्यावर दहा किलोमीटर लिहिलेलं. तुम्हीबी तेच घ्या, उरलेल्या पैशात जनरेटर येईल. सरकारी परवान्याच्या नादी लागलात तर पुढचा पूर येऊन जाईल.

बिनतारी_काका

सीनाकाठ दादा, मी एका साखर कारखान्याच्या वायरलेस खोलीत नोकरी काढली. आमच्या शेतकी खात्याचा सगळा कारभार मोबाईल येण्याआधी व्हीएचएफ सेटवर (टॉवरशिवाय एकमेकांशी थेट बोलणारे बिनतारी सेट) चालायचा. कुठल्या गटात किती टोळ्या लागल्या, किती गाड्या भरल्या, कुठं ट्रॅक्टर पलटी झाला, चिटबॉय (शेतावर फिरणारा कारखान्याचा माणूस) कुठं अडकला, सगळं त्यावर. तुमच्यासारख्याच सपाट, उसाच्या मुलखात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मोहोळच्या भावाला उत्तर. मिरवणूक दोन चौकांत असते. सगळे एकमेकांना दिसतात. पुरात माणूस तीन किलोमीटरवर, उसाच्या पलीकडं, छातीभर पाण्यात उभा असतो. दोन्हीला एकच सेट चालेल असं धरू नका. आणि कायद्याचं म्हणाल तर ते सेट कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर बटणं दाबून लावता येतात, हीच त्यातली मोठी अडचण आहे. पोलीस, रेल्वे, विमानतळ, कोणाच्याही बोलण्यात ते घुसू शकतात. परवाना लागणाऱ्या फ्रिक्वेन्सीचा सेट परवान्याशिवाय नुसता बाळगणं हाही गुन्हा आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं याच विक्रीवरून ऑनलाईन कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि मग मार्गदर्शक सूचनाही काढल्या. पुराच्या दिवशी तुमच्या पोरांच्या हातातले सेट पोलिसांनी काढून घेतले तर त्यांचंही चुकणार नाही. बचावाचं काम करणाऱ्या माणसाच्या हातात चोख कागदाचं साधन असलं पाहिजे, यात मला तडजोड मान्य नाही.

आता सिमवाला सेट. तो दिसायला वॉकीटॉकी, आतून मोबाईलच. बटण दाबलं की आवाज टॉवरवर जातो, तिथून इंटरनेटवरून सर्व्हरला, मग परत दुसऱ्या टॉवरवरून समोरच्या सेटवर. म्हणून त्याला मुंबईही जवळ आणि सोलापूरही जवळ. पण तुमचं दुखणं काय होतं? टॉवर बंद पडला हेच. ज्या दिवसासाठी तुम्ही सेट घेताय त्याच दिवशी तो मुका होणार. ट्रान्सपोर्टवाल्यांना तो चांगला आहे, तुम्हाला नाही. डीलरला एकच प्रश्न विचारा: गावचा टॉवर बंद असताना समोरासमोर हे दोन सेट बोलतील का? दुकानातच दोन्ही सेटमधली सिमं काढायला लावा आणि बोलून बघा.

तिसरा प्रकार विनापरवाना चालणाऱ्या सेटांचा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात. त्यांनाही सरकारची ईटीए (त्या मॉडेलला दिलेली) मंजुरी लागते, तेवढा क्रमांक डीलरकडून बिलावर लिहून घ्या. यांची ताकद अर्ध्या वॅटाच्या घरात. उघड्या माळावर दीड-दोन किलोमीटर जातील, उसात त्याहून कमी. पण टाकून देण्यासारखे मुळीच नाहीत. होडीवरचा आणि काठावर दोर धरून उभा असलेला, यांच्यासाठी हेच सेट योग्य. आज ऑर्डर दिली तर आठवड्यात हातात येतील आणि कोणी तुम्हाला विचारणार नाही. असे चार घ्या.

लांबच्या बोलण्याला मात्र परवान्याचा व्हीएचएफच पाहिजे. यूएचएफ (त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीचा) नको. यूएचएफ सिमेंटच्या इमारतींत बरं घुसतं, शहरातल्या दवाखान्याला, मॉलला ते बरोबर. ओल्या, डोक्याच्या वर गेलेल्या उसातून जायला व्हीएचएफ चांगलं. आमच्या गट ऑफिसांत मी दोन्ही चालवून बघितलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक वॅट विचारतात, उंची कोणी विचारत नाही. या फ्रिक्वेन्सी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. हिशोब सोपा आहे: दोन्ही अँटेनांची जमिनीपासून उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढा, बेरीज करा, तिला ४.१२ नं गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोन माणसं जमिनीवर उभी, सेट तोंडापाशी, म्हणजे दीड-दीड मीटर: कागदावर १० किलोमीटर. डब्यावरचं दहा किलोमीटर इथूनच येतं. मधे ऊस, घरं, बांध आले की प्रत्यक्षात दोन-तीन उरतात. आता त्यातल्या एकाची अँटेना पाण्याच्या टाकीवर १८ मीटरवर न्या: तोच हिशोब २२ किलोमीटरच्या वर जातो. म्हणजे उसाचा मार धरूनही तुमचा नऊ किलोमीटरचा बंधारा हाताशी येतो. हे तुम्ही वॅट वाढवून विकत घेऊ शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, दीड लाखातला पहिला पैसा टाकीवरच्या बेसला. एक २५ वॅटचा मोबाईल सेट (जीपमध्ये बसवतात तो) ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवायचा, टाकीवर चांगली फायबरग्लासची अँटेना, आणि मधली केबल जाड. केबलवर हात आखडू नका. दुकानदार पातळ आरजी-५८ गळ्यात मारतो. तिची २० मीटर लांबी व्हीएचएफवर साधारण ४ डेसिबल खाते, म्हणजे तुमच्या २५ वॅटातले निम्म्याहून जास्त वाटेतच गेले. वॅट दुप्पट केल्यावर मिळतात ३ डेसिबल. कळलं ना, पैसे कुठं जिरतात ते? आरजी-२१३ किंवा त्याहून चांगली घ्या, आणि जोड पाणी शिरणार नाही असे रबर टेपनं गुंडाळा. केबलीत पाणी शिरलं की सेट चांगला असूनही आवाज मरत जातो आणि कोणाला कारण सापडत नाही.

विजेचं विसरू नका. आपल्याकडं एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्हींत वीज पडते, आणि गावात सगळ्यात उंच तीच टाकी. लाइटनिंग अरेस्टर आणि वेगळं अर्थिंग हवंच. ते न करता अँटेना चढवण्यापेक्षा न चढवलेली बरी. खाली सेटपाशी एक पोरगं बसलेलं असणार आहे.

दुसरा पैसा बॅटरीला. बेस सेट नुसता ऐकत असताना जेमतेम अर्धा अँपिअर खातो, बोलताना सहा-सात अँपिअर. दिवसभर चालू ठेवून एकूण तासभर बोलणं धरलं तर १७-१८ अँपिअर-तास होतात. १०० अँपिअर-तासाची इन्व्हर्टरची बॅटरी निम्मी वापरली तरी तीन दिवसांच्या आसपास निघतील. छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनेल टाकलं तर ढगाळ दिवसातही थोडी भर पडेल. आणि ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच असते. सेटला जाड वायरीचे दोन चिमटे लावून ठेवले की वस्तीवरचा कुठलाही ट्रॅक्टर तुमचं पॉवर हाऊस. म्हणून मोहोळच्या भावा, जनरेटर नको. पुरात डिझेल कुठून आणणार?

हातातले व्हीएचएफ सेट पाच पुरे. बंधाऱ्यावर एक, ट्रॅक्टरवर एक, होडीवर एक, लांबच्या वस्तीवर एक, आणि एक राखीव. आयपी-६७ लिहिलेलेच घ्या, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी टिकतो. आयपी-५४ म्हणजे फक्त शिंतोडे. प्रत्येकाला जास्तीची एक बॅटरी. उन्हाळ्यात जीपच्या काचेखाली ठेवू नका, सोलापूरच्या उन्हात लिथियम बॅटरी फुगून जाते.

हे पाच सेट एकमेकांना थेट ऐकू जातीलच असं नाही, पण सगळे बेसला ऐकू जातील. बंधाऱ्यावरचा बेसला सांगेल, बेस होडीला सांगेल. रिपीटर नावाचं यंत्र हेच आपोआप करतं, पण त्याला दोन फ्रिक्वेन्सी, डुप्लेक्सर (एकाच अँटेनेवर दोन्ही फ्रिक्वेन्सी चालवणारा भाग) आणि बराच पैसा लागतो. तुमच्या गावाला एक शहाणा माणूस खोलीत बसवणं जास्त उपयोगाचं. तो वहीत लिहून ठेवतो, कुठल्या वस्तीवर कोण गेलं, कोण परत आलं. रिपीटर वही लिहीत नाही.

डिजिटल सेट मिळतात, आवाज स्वच्छ, एका चॅनेलवर दोन संभाषणं. तुमच्या बजेटमध्ये नको. ॲनालॉगमध्ये रेंजच्या टोकाला आवाज खरखरतो पण शब्द कळतो. डिजिटल टोकाला गेलं की एकदम गप्प.

सीनाकाठ_माढा

काका, दंडवत घ्या. एवढं कोणी फुकट सांगत नाही.

परवान्याचंच भ्या वाटतंय. मंडळाच्या नावावर मिळेल का? किती दिवस लागतात? आणि तहसीलमध्ये एक जण सॅटेलाइट फोन घ्या म्हणाला, ते जमेल का?

व्हीयू३_सोलापूर

सॅटेलाइट फोनचा विचार सोडा. इरिडियम, थुराया या कंपन्यांचे फोन आपल्या देशात खाजगी माणसाला चालत नाहीत, परवानगी आहे ती बीएसएनएलमार्फत इनमारसॅटची. तुमच्या पैशात ते नाही.

मी हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम. माझ्याकडं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, म्हणजे खालच्या पायरीचा, परवाना आहे. काकांनी याचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन कोणीही, बारा वर्षांवरचं पोरगंही, हॅम होऊ शकतं. आपल्याकडं १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असे पट्टे मिळतात. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही. थोडी इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, एवढाच अभ्यास. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर.

पण एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बरेच जण इथं घोळ करतात. हॅम परवाना माणसाला मिळतो, पथकाला नाही. माझा परवाना आहे म्हणून माझा सेट तुमच्या वीस पोरांनी वापरायचा, असं चालत नाही. रोजच्या कामाला ही व्यवस्था नाही. तरीही तुमच्यातल्या दोघा-तिघांनी परीक्षा द्यावी असं मी अगदी मनापासून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा टेलिफोन लाईनी गेल्या होत्या आणि हॅम लोकांनी तिथून निरोप पोचवले. किल्लारी आपल्यापासून लांब नाही. तालुक्यापलीकडं, सोलापूर किंवा पुण्यापर्यंत निरोप पोचवायचा झाला तर एचएफ (लांब पल्ल्याचा) सेट आणि दोन झाडांमध्ये बांधलेली तार एवढ्यावर काम होतं. तिथं तुमचं व्हीएचएफ पुरणार नाही.

शिवाय हॅम झालेल्या पोराला अँटेना म्हणजे काय ते कळतं. तो बेसवर बसला तर काकांच्या अर्ध्या सूचना त्याला न सांगता समजतील.

आणखी एक, पोरांना हाताशी घेऊन करण्यासारखं. ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लोरा नावाचे छोटे सेट विनापरवाना चालतात, ईटीए असलेले बघून घ्यायचे. त्यावर बोलता येत नाही, मोबाईलच्या ॲपमधून छोटा मजकूर आणि ठिकाण पाठवता येतं, टॉवर लागत नाही. एक सेट दुसऱ्याचा निरोप पुढं ढकलतो. टाकीवर एक आणि बंधाऱ्यावर एक उंच खांबावर लावला तर पाण्याची पातळी रात्रीही येत राहील. बॅटरी अगदी थोडी खातो.

बिनतारी_काका

हॅमचं सोलापूरकरांनी फार चांगलं सांगितलं. मला लोरातलं कळत नाही, पण बंधाऱ्याची पातळी माणसाला रात्री तिथं न बसवता येत असेल तर ते जरूर करा. त्या जागी रात्री माणूस ठेवणं हाच मोठा धोका आहे.

परवान्याचं सांगतो. व्हीएचएफची फ्रिक्वेन्सी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी विभाग नेमून देतो, अर्ज ऑनलाईन सरल संचारवर. दर वर्षाला रॉयल्टी भरावी लागते आणि टाकीवरच्या अँटेनेच्या जागेला सॅकफा या केंद्राच्या समितीची मंजुरी लागते. विमानांच्या वाटेत उंच खांब येऊ नये म्हणून ती असते. वेळ लागतो, खोटं सांगत नाही. पण अर्ज मंडळाच्या नावानं एकट्यानं करू नका. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला पत्र द्या, आणि पत्रात दोन मागण्या लिहा. एक, आमच्या अर्जाला शिफारस द्या. दोन, शासनाच्या मालकीचा परवानाधारक सेट पावसाळ्यापुरता आमच्या गावात बसवता येत असेल तर बसवा, जागा, वीज आणि माणूस आम्ही देतो. दुसरी मागणी मान्य झाली तर तुमचे कितीतरी पैसे वाचतील आणि तुमचा निरोप थेट जिल्ह्याला जाईल. साहेबांना नुसती मागणी नको असते, तुमची तयारी दिसली की कागद पुढं सरकतो. पत्राला टाकीचा फोटो, वस्त्यांचा हातानं काढलेला नकाशा आणि मागच्या पुरात कुठं निरोप पोचला नाही त्याची यादी जोडा.

आणि क्रम सांभाळा: आधी फ्रिक्वेन्सी नेमून येऊ द्या, मग व्हीएचएफ सेट विकत घ्या. उलटं केलं की सेट कपाटात आणि पैसे अडकलेले. तोवर चार विनापरवाना सेट, टाकीवरच्या अँटेनेचा खांब, अर्थिंग, बॅटरी, सोलर, हे सगळं करून घ्या. ते कुठं वाया जात नाही.

सिस्टर_करमाळा

मी उपकेंद्रात नर्स आहे. यंत्रातलं मला कळत नाही, पण त्यावर काय बोलायचं ते कृपा करून आधी ठरवा. मागच्या पुरात आम्हाला निरोप यायचा, ‘सिस्टर, पेशंट सिरीयस आहे, लवकर या.’ कुठं? कोण? काय झालंय? साप चावलाय, कळा सुरू झाल्यात की शुगरवाल्याचं इन्सुलिन वाहून गेलंय? तिन्हीला मी वेगळी पिशवी घेऊन निघणार. एक कागद करा आणि प्रत्येक सेटच्या पाठीला चिकटवा: ठिकाण, किती माणसं, काय झालंय, शुद्धीवर आहे का, काय पाहिजे. या क्रमानं. साप चावला असेल तर किती वाजता चावला ते सगळ्यात आधी.

१०८ ची गाडी पाण्यातून येत नाही. ती कुठल्या टेकावर उभी राहील आणि तिथपर्यंत पेशंट कोण आणेल, हे आधी ठरवलं असेल तर रेडिओवर एकाच वाक्यात काम होतं.

अजून एक मनापासून सांगते. सेटवरचं बोलणं सगळे ऐकतात. गरोदर बाई, टीबीचा पेशंट, विष घेतलेला माणूस, यांची नावं हवेत सोडू नका. आशाताईंकडं वस्तीवार यादी असते, तिला क्रमांक द्या. ‘खालच्या वस्तीचा चार नंबर’ म्हटलं की मला कळलं पाहिजे, बाकी कोणाला नाही. पुरात अडकलेली बाई आधीच घाबरलेली असते, तिची लाज आपण राखायची.

बिनतारी_काका

सिस्टर, हे तुम्ही लिहिलं ते मला सुचलं नसतं. दादा, हा कागद लॅमिनेट करा.

त्याला जोडून बोलण्याची शिस्त. बटण दाबा, मनात एक म्हणा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि बहुतेक वेळा तोच गावाचं नाव असतो. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग स्वतःचं. आकडे कधीही एका शब्दात सांगू नका. खरखरीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी सगळं एकच ऐकू येतं. ‘पाच, नऊ’ असं सुटं सांगा. गावांच्या नावांचंही तसंच. तुमच्या माढ्यात सीनेचं दारफळ, आणि उत्तर सोलापूर तालुक्यात बीबीदारफळ. जिल्ह्याच्या माणसाशी बोलताना नुसतं दारफळ म्हणालात तर बोट भलतीकडं जाईल. तालुका जोडून बोलायचं, नेहमी.

आणि दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी सगळ्या सेटांनी बेसला हाक द्यायची. पाच मिनिटांचं काम. आमच्या कारखान्यात गाळप बंद असतानाही आम्ही रोज सकाळी हाक द्यायचो. न वापरलेली बॅटरी पावसाळ्यापर्यंत मरते, आणि न बोललेला माणूस वेळेला अडखळतो.

भीमाकाठ_मोहोळ

काका, पटलं. आमच्या मंडळाचे सेट आता विसर्जनाला काढणार नाही. आमच्यासाठीही असंच पत्र घालतो. दोन्ही गावांचा अर्ज एकत्र केला तर चालेल का?

बिनतारी_काका

एकत्र ठरवा, अर्ज वेगवेगळे करा, कारण जागा वेगळ्या आहेत आणि बेस दोन आहेत. पण दोन्ही गावच्या सरपंचांनी तहसीलदारांसमोर एकाच दिवशी उभं राहावं. एकाची सीना, दुसऱ्याची भीमा, पण दोन्हीकडं पाणी वरूनच येतं; नदीच्या वरच्या गावाचा निरोप खालच्याला मिळाला तर खालच्याला काही तास मिळतात. फ्रिक्वेन्सी मागताना हे कारण दोन्ही अर्जांत लिहा.

सीनाकाठ_माढा

काका, येत्या ग्रामसभेत ठराव घेतो. सरपंचांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ते म्हणाले टाकीवर चढायची परवानगी आजच दिली समजा. अँटेना बसवताना तुम्ही याल का? गाडी पाठवतो.

बिनतारी_काका

येतो की. गाडी नको, एसटीनं येतो. पण मी येण्याआधी तीन गोष्टी करून ठेवा. टाकीच्या कठड्यावरून दोरी खाली सोडून उंची मोजा. तिथून खोलीतल्या सेटच्या जागेपर्यंतचं अंतर त्यात मिळवा, केबल तेवढीच घ्यायची, वेटोळी करून ठेवायला जास्तीची नको. आणि टाकीच्या बुडाशी अर्थिंगसाठी काळ्या मातीत खड्डा कुठं घेता येईल ते पाण्याच्या पाइपलाइनवाल्याला विचारून ठेवा, नाहीतर पहिल्या कुदळीत नळ फुटेल.